प्रोसेसरला सारखी हाक मारतंय कोण?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : घरचा संगणक

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे: संगणकावर काहीही चालू नाही, तरी प्रोसेसर राबतोय. बहुतेकांना दुकानातून ‘फॉरमॅट मारा’ किंवा ‘रॅम वाढवा’ असं सांगण्यात आलंय. दुखणं केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये (उपकरण चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये) असेल तर रॅम वाढवून काही होत नाही, आणि फॉरमॅटनंतर तोच ड्रायव्हर परत टाकला की तेच दुखणं परत येतं. त्यामुळे खिशात हात घालण्याआधी घरी काय तपासता येईल, तेवढंच इथे सविस्तर सांगतो.

प्रश्न (कोथरूड): आमचा डेस्कटॉप पाच वर्षांचा आहे, चार कोअरचा प्रोसेसर, विंडोज १०. टास्क मॅनेजरमध्ये ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ ही ओळ सतत २५ टक्क्यांच्या आसपास असते. ‘एंड टास्क’ केलं तरी ती जात नाही. हा व्हायरस आहे का? विंडोज ११ टाकलं तर थांबेल का?

उत्तर: व्हायरस नाही. ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ हा प्रोग्रॅमच नाही, म्हणून तो बंद करता येत नाही. ते फक्त हिशेबाचं एक खातं आहे. तुम्ही कळ दाबली, डिस्कने माहिती आणून दिली, नेटवर्कवर पाकीट आलं, की ते ते उपकरण प्रोसेसरला हाक मारतं. या हाकेलाच इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम ठेवून तिकडे बघतो आणि परत येतो. या येण्याजाण्यात गेलेला वेळ या खात्यावर पडतो. धड चाललेल्या संगणकात हा आकडा एक टक्क्याच्या आगेमागे असतो. तो पाचच्या वर टिकून राहिला, तर कुठलं तरी उपकरण गरज नसताना हाका मारतंय किंवा त्याचा ड्रायव्हर ओ द्यायला फार वेळ लावतोय.

तुमच्या २५ या आकड्यालाही अर्थ आहे. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र कामकऱ्यांचा, मिळून हिशेब देतो. चार कोअरपैकी एक पूर्ण भरला की २५ टक्के होतात. म्हणजे तुमचा एक अख्खा कोअर बहुधा नुसतं हाकेला ओ देण्यात अडकलाय. परफॉर्मन्स टॅबमधल्या आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा. चार चौकटींपैकी एकच काठोकाठ भरलेली दिसली, तर अंदाज पक्का समजा.

तपासणी सोप्यापासून सुरू करा, आणि एका वेळी एकच बदल करा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आकडा उतरला, तर कशामुळे उतरला ते कळत नाही.

आधी ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून चालणार नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन करताना ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उठते. परफॉर्मन्स टॅबमध्ये ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकावर तिथे बारा-पंधरा दिवस दिसले, तर इतके दिवस तो खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नाही.

मग टास्क मॅनेजर समोर उघडा ठेवून (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा) यूएसबीला जोडलेलं एकेक काढा: प्रिंटर, वेबकॅम, वाय-फायचा डोंगल, बाहेरची डिस्क, हब. प्रत्येक वस्तू काढल्यावर अर्धा मिनिट थांबा. शेवटी कीबोर्ड आणि माउस मागच्या बाजूच्या दुसऱ्या पोर्टांत लावून बघा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांवर आमचा विशेष संशय असतो, कारण ते मदरबोर्डवर (आतल्या मुख्य पाटीवर) थेट नसतात, आतल्या एका वायरने जोडलेले असतात. संगणक बंद करून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक पोर्टात डोकवा. आत प्लास्टिकची जीभ असते आणि तिच्यावर चार चपट्या पट्ट्या. जीभ तुटून एखादी पट्टी वर आली असेल आणि बाहेरच्या पत्र्याला टेकत असेल, किंवा पावसाळ्यातल्या ओलीने पट्ट्यांवर हिरवट थर आला असेल, तर रिकाम्या पोर्टातूनही ‘काहीतरी जोडलं, काहीतरी काढलं’ अशा हाका जात राहतात. असा पोर्ट सापडला तर मदरबोर्डवरून त्याची वायर उपसून ठेवा. नऊ-दहा पिनांचा छोटा जोड असतो, सरळ ओढला की निघतो.

बाहेरचं काही सापडलं नाही तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. साउंड, नेटवर्क कार्ड, ब्लूटूथ, वेबकॅम, कार्ड रीडर यांना एकेक करून ‘डिसेबल’ करा, आकडा बघा, परत ‘एनेबल’ करा. ‘सिस्टिम डिव्हायसेस’खालचं, प्रोसेसर, डिस्प्ले आणि डिस्कच्या कंट्रोलरला हात लावू नका, नाहीतर संगणक सुरूच व्हायचा नाही.

एवढ्यावर भागलं नाही तर ‘लेटन्सीमॉन’ हे साधन दहा मिनिटं चालू ठेवा आणि त्याच्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबमध्ये कोणाचा सगळ्यात जास्त वेळ लागतोय ते पाहा. १००० मायक्रोसेकंदांच्या वर वारंवार जाणारा ड्रायव्हर संशयित. नावावरून घराणं ओळखू येतं: ‘एनडीआयएस’ नेटवर्कचा, ‘यूएसबीएक्सएचसीआय’ यूएसबीचा, ‘स्टोरपोर्ट’ डिस्कचा, ‘एचडीऑडबस’ आवाजाचा, ‘एसीपीआय’ बॅटरी आणि बायोसचा (बायोस म्हणजे संगणक सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर). ‘एनटीओएसकेआरएनएल’ किंवा ‘डब्ल्यूडीएफ०१०००’ वर दिसले म्हणून त्यांना दोष देऊ नका. ती विंडोजची स्वतःची यंत्रणा आहे आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचंच ओझं वाहत असते. ड्रायव्हर सापडला की तो मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या ‘ड्रायव्हर’ टॅबवरचं ‘रोल बॅक’ वापरा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणाऱ्या प्रोग्रॅमांच्या वाटेला जाऊ नका, मिळत्याजुळत्या नावाचा भलताच ड्रायव्हर ते बसवू शकतात.

शेवटची कसोटी सेफ मोडची. तिथे मोजकेच ड्रायव्हर चालतात. आकडा तिथे उतरला तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, तिथेही २५ च राहिला तर पोर्ट, केबल किंवा बोर्डाचा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सुरक्षेसाठी विंडोज ११ वर जाणं योग्यच. पण पोर्टाची पट्टी वाकलेली असेल, तर ती विंडोज ११ मध्येही वाकलेलीच राहणार.

प्रश्न (चिंचवड): ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ग्राफिक कार्ड, यूएसबी आणि साउंड तिघांनाही आयआरक्यू १६ दिसतो. दुरुस्तीवाल्याने ‘आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट’ आहे, मदरबोर्ड बदला, असं सांगितलं. बदलू का?

उत्तर: एवढ्यावरून मुळीच बदलू नका. आयआरक्यू म्हणजे उपकरण ज्या ओळीवरून प्रोसेसरला हाक मारतं तिचा क्रमांक. एक क्रमांक अनेकांनी वाटून घेणं म्हणजे कॉन्फ्लिक्ट नव्हे. जुन्या संगणकांत ० ते १५ अशा सोळाच ओळी होत्या. प्रिंटर पोर्टला ७, साउंड कार्डला बहुधा ५, आणि कार्डावरचे जंपर हलवून क्रमांक ठरवावे लागत. दोन कार्डांना एकच क्रमांक गेला की दोन्ही गप्प. कार्डं जोडण्याची पीसीआय ही नवी पद्धत आल्यावर एक ओळ अनेकांनी वापरणं नियमातच बसवलं गेलं. आज पुष्कळ उपकरणांना ओळच लागत नाही, ती हाक संदेश म्हणून पाठवतात. यादीत काही आयआरक्यूंपुढे उणे किंवा ४२९४९६७२९४ सारखे अवाढव्य आकडे दिसतात ते याच उपकरणांचे. त्यात बिघाड काही नाही.

वाटून घेतलेल्या ओळीचा त्रास एकाच परिस्थितीत होतो. ओळीवर हाक आली की त्या ओळीवरच्या ड्रायव्हरांना ‘तुझी का?’ असं पाळीपाळीने विचारलं जातं. त्यातला एखादा उत्तर द्यायला उशीर करत असेल, तर शेजाऱ्यांनाही भुर्दंड बसतो. उपाय तोच: १६ वरचं एकेक उपकरण बंद करून पाहणं.

खरा संघर्ष असेल तर डिव्हाइस मॅनेजर स्वतः सांगतो. पिवळं चिन्ह, त्यावर डबल क्लिक, आणि ‘कोड १२’. म्हणजे उपकरणाला हवी तेवढी साधनं मोकळी मिळाली नाहीत. मोठ्या मेमरीचं ग्राफिक कार्ड जुन्या बोर्डात लावलं की हे होतं. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ असेल तर ते चालू करा, नको असलेले सिरियल पोर्ट आणि जास्तीचे कंट्रोलर बंद करा. ‘कोड २८’ म्हणजे ड्रायव्हरच नाही, ‘कोड ४३’ म्हणजे उपकरणाने स्वतःच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं. आणि नवी एम डॉट टू एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली, तर घाबरू नका. बऱ्याच बोर्डांवर एम डॉट टूची खाच भरली की एक-दोन साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायचे पोर्ट) आपोआप बंद होतात. बोर्डाच्या पुस्तिकेत तक्ता असतो, डिस्क दुसऱ्या पोर्टात लावली की झालं.

प्रश्न (धनकवडी): मोठी फाइल कॉपी करताना सगळा संगणक अर्धा मिनिट गोठतो, मग चालतो, परत गोठतो. दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क गेली.

उत्तर: गेली असेलही, पण आधी केबल बघा. महत्त्वाच्या फाइली आजच दुसरीकडे घ्या आणि मग पुढे जा.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिस्टिम’ उघडा. गोठण्याच्या वेळेशी जुळणारी १२९ क्रमांकाची नोंद असेल तर डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजला तिला रीसेट करावं लागलं. १५३ म्हणजे तेच काम पुन्हा करावं लागलं. क्रमांक ७ म्हणजे डिस्कवरची जागाच खराब. नंतर डिस्कची तब्येत दाखवणारं ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे साधन चालवा. त्यातला सी७, म्हणजे १९९ क्रमांकाचा आकडा, डिस्क आणि बोर्डाच्या दरम्यान वाटेत बिघडलेल्या माहितीचा आहे. तो वाढत असेल तर संशय केबलवर. ०५ आणि सी५ (डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे) वाढत असतील तर डिस्क स्वतःच झिजतेय, आणि मग दुकानदाराचं बरोबर.

सी७ चा आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही, त्यामुळे तो कागदावर लिहून ठेवा. (क्रिस्टलडिस्कइन्फो तो सोळाच्या पद्धतीत दाखवतं, ‘फंक्शन’ मेनूतून दहाच्या पद्धतीत करून घ्या.) केबल बदला, दहा-वीस जीबीची फाइल कॉपी करा, परत बघा. आकडा जागच्या जागी राहिला तर काम झालं. साटा केबल पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शंभर रुपयांच्या आसपास मिळते. दोन्ही टोकांना धातूची क्लिप असलेली आणि अर्ध्या मीटरच्या आतली मागा. काटकोनात घडी घालून कॅबिनेटच्या दाराखाली दाबू नका, आतल्या तारा बारीक असतात. बोर्डावरचा पोर्टही एकदा बदलून पाहा.

फार जुना, चपट्या पट्टीच्या केबलचा संगणक असेल तर आणखी एक गोष्ट. एक्सपीमध्ये चुका साठत गेल्या की विंडोज त्या डिस्कला ‘पीआयओ’ पद्धतीवर उतरवतं. मग प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतःच्या हाताने उचलावा लागतो आणि त्याचा वापर शंभरावर जातो. ८० तारांची केबल लावा, डिव्हाइस मॅनेजरमधून त्या डिस्कचा आयडीई चॅनल (चपट्या केबलची जोडणी) अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा.

प्रश्न (विमाननगर): लॅपटॉप चार्जरवर असताना प्रोसेसर १०० टक्के आणि कीबोर्डवरचं अक्षरही उशिरा उमटतं. बॅटरीवर मात्र ठीक चालतो. उलटं कसं?

उत्तर: तुम्ही निदान जवळजवळ केलेलंच आहे. परफॉर्मन्स टॅबमध्ये ‘स्पीड’ बघा. चार्जर लावल्यावर तो ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकून राहत असेल, तर काम वाढलेलं नाही, प्रोसेसरच रांगतोय. रांगणाऱ्याला साधं कामही शंभर टक्के वाटतं. काही लॅपटॉप चार्जरला ‘तू किती वॉटचा?’ असं विचारतात. प्लगच्या मधोमध सुईसारखी बारीक पिन असते, तिच्यावरून उत्तर येतं. पिन वाकली, तार आतून तुटली किंवा चार्जर मूळचा नसला, की लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग पाडतो.

चार्जरच्या मागच्या लेबलावर व्होल्ट गुणिले अँपिअर करा: १९.५ गुणिले ३.३४ म्हणजे ६५ वॉट, १९.५ गुणिले २.३१ म्हणजे ४५. ६५ च्या लॅपटॉपला ४५ चा लावला असेल तर कारण सापडलं. आकडे बरोबर असतील तर दुसऱ्याचा त्याच मॉडेलचा चार्जर तासभर लावून पाहा. मग वेग चढला तर चार्जर बदला, नाही चढला तर लॅपटॉपमधली चार्जिंगची खाच बदलावी लागेल.

बॅटरीवरही वेग पडत असेल तर उष्णता. तापमान ९५ अंशांच्या वर जात असेल तर पंख्यामागच्या जाळीवर धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. एप्रिल-मेमध्ये हे हमखास दिसतं. हवा मारताना पंख्याची पाती काडीने धरून ठेवा, ती गरगर फिरवू नका.

प्रश्न (सदाशिव पेठ): जुन्या वाड्यात राहतो. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. यूएसबी हेडफोन लावला की जोडल्या-काढल्याचा आवाज दिवसभर येतो आणि त्या वेळी प्रोसेसर उसळतो. संबंध आहे का?

उत्तर: आहे, आणि हे आज-उद्यावर टाकू नका. तुमच्या भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही असं दिसतंय. एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात) लाइव्ह आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांचा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट साधारण अर्ध्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा, म्हणून फक्त मुंग्या. पण टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्स जोडलेला असेल तर तोच प्रवाह केबलांतून वाट काढतो, यूएसबी उपकरण बिचकतं, सुटतं, परत जोडलं जातं. दर वेळी विंडोज त्याला नव्याने ओळखतं, ती उसळी तुम्हाला दिसते.

वायरमनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या. लाइव्ह-न्यूट्रल २३० च्या आसपास, लाइव्ह-अर्थही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. तिसरं भोक रिकामं असेल तर स्वतंत्र अर्थची तार ओढून घ्या. ती न्यूट्रललाच जोडून देणारे असतात, ते कदापि करू देऊ नका. न्यूट्रल तुटली तर अख्खं कॅबिनेट २३० वर येईल. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावला असेल तर तोही आजच काढा.

प्रश्न (कर्वेनगर): गेमिंगचा नवा माउस नुसता हलवला तरी प्रोसेसर चढतो.

उत्तर: त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पोलिंग रेट बघा, बहुधा ८००० असेल. म्हणजे सेकंदाला आठ हजार वेळा विचारपूस. साधा माउस १२५ वर चालतो. १००० वर ठेवा. गेमसाठी नेटवर्क कार्डाचं ‘इंटरप्ट मॉडरेशन’ बंद करा असंही सांगितलं जातं. ते चालूच असू द्या, अनेक पाकिटांसाठी मिळून एक हाक मारायची सोय ती.

प्रश्न (हडपसर): ‘डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट’ १५ टक्के खातो. नवा संगणक, रंगीत दिव्यांची रॅम आणि पंखे आहेत.

उत्तर: ‘डब्ल्यूएमआय’ ही इतर प्रोग्रॅमांना संगणकाची माहिती पुरवणारी विंडोजची सोय आहे. दिव्यांचं एक सॉफ्टवेअर, बोर्डाच्या कंपनीचं दुसरं, तापमान दाखवणारं तिसरं, अशी तिन्ही एकाच वेळी चालू असतील. सगळी त्याच सेन्सरांना विचारत राहतात आणि एकमेकांची वाट अडवतात. नेमकं कोण ते शोधायला इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ‘डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी’, ‘ऑपरेशनल’ असं जा. ५८५८ क्रमांकाच्या नोंदीत ‘क्लायंट प्रोसेस आयडी’ असतो. तो आकडा टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमधल्या पीआयडीशी जुळवा. तिन्हींतलं एकच ठेवा.

प्रश्न (औंध): उबंटू वापरतो. ‘केवर्कर’ एक कोअर पूर्ण खातो.

उत्तर: ‘केवर्कर’ हा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कामकरी आहे. ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल ‘वॉच’ आज्ञेने दर सेकंदाला बघा. कुठला आकडा धावतोय ते लगेच कळतं. ‘एसीपीआय’ची ओळ धावत असेल तर ‘सिस’, ‘फर्मवेअर’, ‘एसीपीआय’, ‘इंटरप्ट्स’ या वाटेने जा. तिथे ‘जीपीई’ने सुरू होणाऱ्या फाइलींपैकी जिचा आकडा लाखांत आणि वाढता असेल, ती दोषी. आधी बायोस अपडेट करा. तरीही थांबलं नाही तर रूटच्या अधिकाराने त्या फाइलीत ‘डिसेबल’ हा शब्द इंग्रजीत लिहा, ओ देणं लगेच थांबतं. रीस्टार्टनंतर हे पुसलं जातं, म्हणून स्टार्टअपमध्ये घालावं लागेल. त्यानंतर झाकण मिटणं, बॅटरीची टक्केवारी आणि ब्राइटनेसच्या कळा चालतात का ते तपासा, कधी कधी त्याच ओळीवर त्यांचंही काम असतं.

कर्नलच्या नोंदींत ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ असं वाक्य असेल तर निराळा प्रकार. एका लाखापैकी ९९,९०० हाकांना कोणत्याच ड्रायव्हरने ओळख दिली नाही, म्हणून कर्नलने ती ओळच बंद केली. त्या ओळीवरचं कार्ड काढून, खाच साफ करून परत बसवा.

प्रश्न (वारजे): व्हिडिओ पाहून एमएसकॉन्फिगमध्ये ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’वर खूण केली. तेव्हापासून सगळं शंभर टक्के.

उत्तर: तिथे १ निवडला गेलाय. ती खूण मर्यादा घालण्यासाठी असते, वेग वाढवण्यासाठी नाही. ‘बूट’ टॅब, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, खूण काढा, शेजारच्या ‘मॅक्झिमम मेमरी’चीही काढा, आणि रीस्टार्ट करा. खूण नसली की विंडोज सगळे कोअर आपणहून वापरतं.